कमी बजेटमध्ये वॉटर कूलिंग: पैसे कुठे घालायचे, कुठे वाचवायचे

(एपिसोडचा मजकूर. बोलण्याची भाषा बऱ्यापैकी तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय बऱ्याच दिवसांपासून रांगेत होता. कॉम्प्युटरचं वॉटर कूलिंग, आणि तेही खिसा रिकामा न करता.

निमित्त झालं एका व्हॉइस मेसेजचं. अकोल्याचा एक श्रोता आहे, लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. खोली वरच्या मजल्यावर, डोक्यावर पत्रे. कॉम्प्युटर हप्त्यावर घेतलाय आणि हप्ते अजून चालू आहेत. एप्रिल-मे म्हणजे त्याचा कमाईचा सीझन, आणि नेमकं तेव्हाच दुपारी रेंडर लावलं की मशीन तापून मंद होतं, कधी कधी बंदच पडतं. त्याच्याकडे रायझन ७ ५८००एक्स प्रोसेसर आणि आरटीएक्स ३०६० टीआय कार्ड आहे. त्याचा प्रश्न असा: "दादा, कमीत कमी पैशात वॉटर कूलिंग करायचंय. कुठले पार्ट घेऊ?"

मी याचं उत्तर नुसती यादी देऊन देणार नाही. कारण स्वस्तातली यादी कुठेही मिळते, पण त्या यादीतला एक पार्ट गळला तर बाकीचे हप्ते बंद मशीनसाठी भरावे लागतात. म्हणून माझा साधा नियम आहे. जे फुटलं, थांबलं किंवा गंजलं तर मशीन जाईल, तिथे पैसे घाला. जे फक्त दिसायला छान आहे, तिथे वाचवा. आजचा सगळा एपिसोड या दोन वाक्यांभोवतीच आहे.

हे पाणी म्हणजे माठ नाही

विदर्भ-मराठवाड्यातल्या मंडळींचा इथे हमखास घोळ होतो. आपल्याकडे "कूलर" म्हटलं की डेझर्ट कूलर डोळ्यांसमोर येतो. त्यात पाण्याची वाफ होते, वाफ होताना उष्णता शोषली जाते, म्हणून हवा खरोखर थंड होते. माठाचंही तेच तत्त्व.

कॉम्प्युटरचं लूप बंद असतं. त्यातल्या पाण्याची वाफ होत नाही. ते पाणी फक्त हमाल आहे. प्रोसेसरवरची उष्णता उचलतं, नळीतून रेडिएटरपर्यंत नेतं, तिथे पंखे ती उष्णता खोलीच्या हवेत फेकतात. पल्सर एनएस २०० च्या पुढे रेडिएटर असतो ना, अगदी तोच प्रकार.

याचा अर्थ काय? पाणी खोलीपेक्षा थंड कधीच होणार नाही. चांगल्या लूपमध्ये पाणी खोलीपेक्षा साधारण १० अंशांनी गरम राहतं. पत्र्याखालच्या खोलीत दुपारी ४२ अंश असतील तर लूपमधलं पाणी ५२ अंशांवर. आणि अनेक पंपांची पाण्याची मर्यादा ६० अंशांच्या आसपास असते. म्हणजे मे महिन्यात तुम्ही काठावरच चालताय.

दुसरी गोष्ट. मशीन हवेने थंड करा नाहीतर पाण्याने, तेवढीच उष्णता शेवटी त्याच खोलीत येणार. त्यामुळे खोलीतून गरम हवा बाहेर टाकणारा एक्झॉस्ट फॅन हा कूलिंगचा पहिला पार्ट समजा.

आधी वॉटची बेरीज, मग खरेदी

पार्ट निवडण्याआधी कागदावर एक बेरीज करायची. प्रोसेसर जास्तीत जास्त किती वॉट घेतो, कार्ड किती घेतं.

५८००एक्स पूर्ण लोडवर १४२ वॉटपर्यंत जातो. ३०६० टीआय म्हणजे २०० वॉट. बेरीज ३४२.

रेडिएटरचा ढोबळ हिशोब असा धरा: १२० मिलिमीटरच्या एका पंख्याचा जो भाग असतो, त्याला साधारण १०० वॉट. म्हणजे ३४२ वॉटसाठी तीन पंख्यांचा ३६० चा रेडिएटर जेमतेम, दोन पंख्यांचे २४० चे दोन असतील तर आरामात.

आता फुकटचा उपाय ऐका. ५८००एक्सला ६५ वॉटचा इको मोड लावता येतो, त्यात तो ८८ वॉटवर थांबतो. कार्डची पॉवर लिमिट ८० टक्के केली की ते १६० वॉटवर येतं. वेग थोडा कमी होतो, पण वॉट जितके उतरतात तितका वेग उतरत नाही. नवी बेरीज २४८. एक रुपया न घालवता ९४ वॉट कमी, म्हणजे जवळजवळ एका पंख्याएवढा रेडिएटर वाचला!

आणि हो, ५८००एक्सची चिप आकाराने अगदी छोटी आहे. इतकी उष्णता टिचभर जागेतून बाहेर काढायची असते, त्यामुळे त्यावर पाण्याचा फायदा लोकांना वाटतो तेवढा दिसत नाही. दोन टॉवरचा चांगला एअर कूलर १४२ वॉट सहज पेलतो.

म्हणून अकोल्याच्या मित्राला माझं सरळ उत्तर आहे. यंदाच्या सीझनमध्ये लूप नको. धूळ साफ कर, इको मोड लाव, केसला पुढून दोन आणि मागून एक चांगला पंखा दे, एअर कूलर चांगला घे, मोठे रेंडर रात्री लाव. ज्या मशीनवर पोट आहे, ते ऐन सीझनमध्ये उघडून नळ्या जोडत बसायचं नसतं. लूपला वर्षातून एकदा रिकामं करून धुवायलाही एक दिवस लागतो. तो दिवस तुझ्याकडे पावसाळ्यात असेल, मेमध्ये नाही.

मग लूप कुणी करावं? ज्यांचं कार्ड ३००-४०० वॉट खातं, ज्यांना आवाज कमी हवाय, किंवा ज्यांना हे जोडण्यातच मजा येते. मी तिसऱ्या गटातला आहे, लपवत नाही. चला तर मग, पार्ट.

शंभर रुपयांची वाटणी

किमती रोज बदलतात, म्हणून मी आकडे सांगत नाही, वाटणी सांगतो. फक्त प्रोसेसरचं लूप करायचंय आणि बजेट १०० रुपये आहे असं धरा. माझी वाटणी अशी: पंप आणि टाकी ३०, रेडिएटर २०, प्रोसेसरचा ब्लॉक २०, फिटिंग आणि नळी १५, पंखे १०, पाणी ५.

पंप: इथे कंजुषी नाही. पंप थांबला की सगळं थांबलं. या छंदाच्या सुरुवातीच्या काळात लोक फिशटँकचे पंप आणि गाडीच्या हीटरचे रेडिएटर लावायचे, कारण दुसरं काही मिळतच नव्हतं. आज ती वेळ नाही. डी-फाइव्ह किंवा डीडीसी जातीचा पंप घ्या. टाकी त्यालाच जोडलेली असेल तर दोन फिटिंग वाचतात. स्वस्त पंपाच्या डब्यावर "तासाला ८०० लिटर" लिहिलेलं बघून भुलू नका. तो आकडा समोर काहीच अडथळा नसतानाचा असतो. ब्लॉकच्या बारीक फटींमधून पाणी ढकलायला दाब लागतो, तो किती आहे ते विचारा.

प्रवाह मात्र अफाट लागत नाही. मिनिटाला १ लिटर पाणी फिरत असेल आणि ३०० वॉट उष्णता असेल, तर पाणी एका फेरीत जेमतेम ४.३ अंशांनी तापतं. ४ लिटर फिरवलं तर १ अंशाने. त्यापुढे पंप वाढवून फारसं काही हाती लागत नाही. म्हणूनच लूपमध्ये आधी कार्ड की आधी रेडिएटर, या वादातही दम नाही. एकच क्रम पाळा: टाकी पंपाच्या आधी आणि पंपापेक्षा वर.

रेडिएटर: धातू बघा. आजच्या एपिसोडमधलं एवढं एक लक्षात ठेवलंत तरी पुरे. ब्लॉक तांब्याचा असेल तर रेडिएटरही तांब्या-पितळेचाच हवा. ऑनलाइन जे फार स्वस्त रेडिएटर दिसतात ते बहुतेक अल्युमिनियमचे असतात. तांबं, अल्युमिनियम आणि मध्ये पाणी म्हणजे शाळेतल्या सेलचा प्रयोग झाला. अल्युमिनियम हळूहळू पोखरलं जातं, आणि गळती सुरू झाल्यावरच आपल्याला कळतं. "मग रेडिमेड कूलरमध्ये दोन्ही धातू चालतात ते कसे?" असं कुणीतरी विचारणारच. ते कारखान्यात सीलबंद केलेले असतात आणि आत गंजरोधक घातलेलं असतं. उघड्या लूपमध्ये तो भरवसा धरू नका.

आणि खरेदीआधी केस मोजा. रेडिएटरची जाडी अधिक पंख्याची जाडी. साधा पंखा २५ मिलिमीटर जाड असतो, पातळ रेडिएटर ३० च्या आसपास.

ब्लॉक: प्रोसेसरचा टिकतो, कार्डचा नाही. प्रोसेसरचा ब्लॉक पुढच्या मशीनलाही चालू शकतो, फक्त पट्टी बदलावी लागते. एएम-फोरचे बरेच ब्लॉक एएम-फाइव्हवरही बसतात. इंटेलमध्ये एलजीए १२०० च्या छिद्रांमधलं अंतर ७५ मिलिमीटर होतं, एलजीए १७०० चं ७८ आहे, तेव्हा जुना ब्लॉक घेताना पट्टी मिळते का ते आधी बघा. कार्डचा ब्लॉक मात्र त्या विशिष्ट बोर्डसाठीच बनवलेला असतो. कार्ड विकलं की ब्लॉक कपाटात. शिवाय कार्डचा मूळ कूलर काढला तर वॉरंटीचं काय होतं, ते अटी वाचूनच ठरवा. बजेट कमी असेल तर कार्डचा ब्लॉक पहिल्या टप्प्यात घेऊच नका.

फिटिंग: मोजून घ्या. सगळ्यांचं बजेट इथेच कोलमडतं. प्रत्येक पार्टला दोन तोंडं असतात. ब्लॉक, रेडिएटर, पंप-टाकी म्हणजे सहा फिटिंग. कार्ड आणि दुसरा रेडिएटर आला की दहा. वर पाणी काढण्यासाठी एक टी आणि एक छोटा व्हॉल्व्ह. चमकदार कॉम्प्रेशन फिटिंगऐवजी साधी बार्ब फिटिंग आणि त्यावर क्लिप लावली तर कितीतरी पैसे वाचतात, आणि पकडही पक्की असते. आटे जवळपास सगळीकडे जी १/४ चेच असतात.

नळी: मऊ आणि काळी. कडक नळ्या फोटोत भारी दिसतात, पण त्या वाकवायला हत्यारं लागतात, फिटिंग जास्त लागतात आणि पहिल्या दोन-चार नळ्या वायाच जातात. ईपीडीएम रबराची काळी नळी घ्या. हार्डवेअरच्या दुकानातली पारदर्शक पीव्हीसी नळी मीटरवर स्वस्त मिळते, पण तिच्यातला चिकट द्रव कालांतराने पाण्यात उतरतो आणि ब्लॉकच्या फटींत जाऊन बसतो.

पंखे. रेडिएटरसाठी दाब देणारे पंखे हवेत. लाइट नसलेले घ्या. रंगीत उजेडाने एक अंशही कमी होत नाही.

जुने पार्ट घेऊ का? लॅमिंग्टन रोडवर किंवा ग्रुपवर जुना माल येत असतो. रेडिएटर आणि फिटिंग जुनी चालतील, रेडिएटर धुवायचा आणि फिटिंगच्या ओ-रिंग नव्या घालायच्या. पंप जुना नको.

पाणी कुठलं?

नळाचं नको, बोअरचं तर नकोच. क्षार बसतात. आरओचं पाणी प्यायला ठीक, पण ते डिस्टिल्ड नसतं. डिस्टिल्ड वॉटर घ्या आणि त्यात वॉटर कूलिंगसाठीच मिळणारं गंजरोधक व शेवाळरोधक मिश्रण, बाटलीवर लिहिलंय त्याच प्रमाणात. बॅटरीच्या दुकानातून पाणी आणणार असाल तर बाटली नीट वाचा. तिथे ॲसिडही मिळतं. रंगीत, दुधट दिसणारं कूलंट टाळा. त्यातले कण खाली बसतात.

भरण्याचा दिवस

पाणी भरताना मदरबोर्डला आणि कार्डला वीज जोडायची नाही. फक्त पंप चालवायचा. पॉवर सप्लायच्या २४ पिनच्या कनेक्टरला लावायचा जंपर प्लग मिळतो, तो वापरा. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवा. टाकी भरा, पंप काही सेकंद चालवा, बंद करा, परत भरा. पंप कोरडा फिरवायचा नाही. हवेचे बुडबुडे निघाले की चोवीस तास तसंच चालू ठेवा. दुसऱ्या दिवशी सगळे टिश्यू कोरडे असतील, तरच बाकीच्या वायर जोडा. एक जरी टिश्यू ओला दिसला तर तो जोड परत बसवा आणि चोवीस तास पहिल्यापासून मोजा. घाई होतेच, मान्य आहे. पण या टप्प्यावरच्या गळतीत फक्त टिश्यू जातो, वायर जोडल्यानंतरच्या गळतीत कार्ड जातं.

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुम्हाला पार्ट विचारायचे असतील तर मेसेजमध्ये चार गोष्टी नक्की सांगा: प्रोसेसर, कार्ड, केसचं मॉडेल आणि दुपारी तीन वाजता तुमच्या खोलीत किती अंश असतात. चौथी गोष्ट लोक सांगतच नाहीत, आणि माझं अर्धं उत्तर तिच्यावरच असतं.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या, मशीनची आणि स्वतःचीही!