वाऱ्याला बाहेरची वाट हवी

(एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी कलाशाखेचा पदवीधर. आयुष्य वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत गेले. त्यामुळे विमानाच्या इंजिनावर मी बोलणार आहे, हे आज सकाळी घरी कळले तेव्हा सर्वांत मोठा धक्का माझ्या चिरंजीवांना बसला. ते अभियंता आहेत. तरीही हा विषय मी आग्रहाने निवडला, आणि त्याचे मूळ आपल्या मुंबईतच आहे. कांदिवलीच्या चारकोपमध्ये कॅप्टन अमोल यादव यांनी राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६ च्या फेब्रुवारीत ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते वांद्रे-कुर्ला संकुलात मांडले गेले. ते पाहून परतताना मनात प्रश्न आला की, घरी विमान बांधणाऱ्या माणसाची खरी झोप कशाने उडत असेल? पंखांनी? शेपटीने?

पुढल्या वर्षी, २०१७ च्या जुलैमध्ये, अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या ऑशकॉश येथे जाण्याचा योग आला. घरी विमाने बांधणाऱ्यांची संघटना पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ साली मिलवॉकीत स्थापन केली. तिचा वार्षिक मेळा १९७० पासून ऑशकॉशला भरतो. गवतावर ओळीने विमाने उभी असतात आणि प्रत्येकाच्या सावलीत त्याचा कर्ता खुर्ची टाकून बसलेला असतो. आपल्याकडच्या कृषी प्रदर्शनात बैलजोडीपाशी बसलेल्या शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर जे समाधान असते, तेच तिथे दिसते. मी माझा प्रश्न पाच-सहा जणांना विचारला. उत्तर थोड्याफार फरकाने एकच आले. इंजिन तापते, आणि का तापते ते कळत नाही.

खरे पाहता हे दुखणे विमानाइतकेच जुने आहे. राइट बंधूंचे १९०३ चे विमान म्हणजे सायकलच्या दुकानात तयार झालेले घरगुती विमानच. त्याचे इंजिन त्यांचा कारागीर चार्ली टेलर याने सुमारे सहा आठवड्यांत बनविले. पाण्याने थंड होणारे, पण पाणी फिरविण्यास पंप नसलेले. एक्झॉस्टला सायलेन्सर नाही, जळका वायू थेट उघड्यावर. हे इंजिन चालू होताच सोळा अश्वशक्तीच्या आसपास जोर दाखवी आणि मिनिटभरात आत येणारी हवाच तापल्यामुळे बाराच्या घरात उतरे. १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉकच्या वाळूवर त्या विमानाने चार उड्डाणे केली. त्यांतले सर्वांत दीर्घ उड्डाण ५९ सेकंदांचे होते. बारा अश्वशक्तीवरही विमान हवेत राहील असे गणित राइट बंधूंनी आधीच मांडले होते, म्हणून ते साधले. गरम इंजिन किती जोर देईल, हे त्यांनी मोजून ठेवले होते. हा मुद्दा लक्षात असू द्या.

आता मला भेटलेल्या गृहस्थांकडे वळतो. ते शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेले. मी मनोमन त्यांना मास्तर म्हणू लागलो, आणि त्यांच्या पत्नी अर्थातच मास्तरीणबाई. मास्तरांनी आठ वर्षे खपून, सुटे भाग जोडून दोन आसनांचे विमान बांधले होते. निम्म्याहून अधिक काम स्वतःच्या हातांनी झाले पाहिजे, असा तिथला नियम आहे. इंजिन मात्र त्यांनी जुने घेतले होते, लायकमिंग कंपनीचे ओ-३२०. चार सिलिंडर, १५० अश्वशक्ती आणि हवेने थंड होणारे.

हवेने थंड होणारे म्हणजे काय, हे आपल्यापैकी ज्यांनी बुलेट किंवा राजदूत चालविली आहे त्यांना सांगायला नको. सिलिंडरभोवती धातूच्या पातळ फिन असतात आणि त्यांतून वारा जातो. मोटारसायकलचे इंजिन उघड्यावर असते, विमानाचे मात्र झाकणात बंद. पंख्याच्या दोन्ही बाजूंच्या भोकांतून वारा आत शिरतो आणि सिलिंडरच्या वरच्या पोकळीत दाबला जातो. तिथून तो फिनमधून खाली उतरतो आणि तळाच्या फटीतून मागे निघून जातो. वरची पोकळी आणि खालची पोकळी यांच्यामध्ये पत्र्याचे पडदे असतात, त्यांच्या कडांना रबराच्या पट्ट्या. वर दाब जास्त, खाली कमी. या दोन दाबांमधला फरक हेच इंजिनाचे खरे पाणी.

पेट्रोल जाळून जी उष्णता निर्माण होते, तिच्यातला साधारण पाव ते तिसरा हिस्साच पंखा फिरविण्याच्या कामी येतो. जवळपास निम्मी एक्झॉस्टवाटे जाते आणि उरलेली या फिनांमधून व तेलातून काढावी लागते. या इंजिनाच्या सिलिंडर हेडला कारखान्याने घातलेली कमाल मर्यादा २६० अंश सेल्सियस आहे. अॅल्युमिनियम त्याआधीच नरम पडू लागते, म्हणून जाणते लोक काटा दोनशेच्या आसपास ठेवण्याचा आग्रह धरतात. मास्तरांच्या विमानाचा काटा चढण घेताना २३५ वर जाई.

चढणीवरच का? आपली एसटी खंबाटकीच्या घाटातच का उकळायची, त्याच कारणाने. जोर पूर्ण आणि वेग कमी. ताशी १८५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानासमोरचा वारा सुमारे साडेसोळा सेंटीमीटर पाण्याच्या स्तंभाइतका दाब देऊ शकतो. वेग १३० वर आला की तोच दाब निम्म्यावर येतो, कारण दाब वेगाच्या वर्गाने घटतो. इंजिन मात्र तेव्हाच सर्वाधिक जळत असते.

मास्तरांनी पहिला उपाय केला तो आपण सर्वांनी केला असता. पुढची भोके बोटभर मोठी केली. वारा कमी पडतो ना, मग आणखी घ्या! काटा खाली आला नाही, उलट दोन-तीन अंश वरच गेला. मग कोणीतरी सांगितले की, एक्झॉस्टच्या चार नळ्या खालच्या पोकळीतून जातात, त्यांची धग वर येत असणार. नळ्यांतला वायू सातशे ते आठशे अंशांचा असतो, तेव्हा म्हणणे पटण्यासारखे होते. मास्तरांनी नळ्यांना उष्णतारोधक फीत गुंडाळली. चार अंशांचा फरक पडला. त्या चार अंशांसाठी काय किंमत मोजावी लागणार होती, ते पुढे सांगतो.

शेवटी त्यांनी साधी पारदर्शक नळी घेतली, यू आकारात फळीवर ठोकली आणि तीत लाल रंगाचे पाणी भरले. एक टोक वरच्या पोकळीत, दुसरे खालच्या. उड्डाण केले आणि पाण्याच्या दोन पातळ्यांतला फरक पट्टीने मोजला. अपेक्षेच्या निम्मासुद्धा नव्हता. मग वरचे टोक काढून उघड्या हवेच्या दाबाशी जोडले. तेव्हा दिसले की, खालच्या पोकळीत जिथे दाब जवळजवळ नसायला हवा, तिथे हवा तुंबून बसली आहे.

जुन्या वाड्यांत राहिलेल्या माताभगिनींना यात नवल वाटणार नाही. खोलीला एकच खिडकी असेल तर ती कितीही मोठी करा, वारा येत नाही. समोरच्या भिंतीला झरोका हवा. चुलीचा धूर कोंडतो तो दार लहान असते म्हणून नव्हे, वर धुराडे नसते म्हणून. मास्तरांच्या विमानात बाहेर पडण्याच्या फटीत एक्झॉस्टच्या नळ्यांनी जागा अडविली होती. शिवाय इंजिन आणि माणसे यांच्यामध्ये जी पोलादी भिंत असते, तिच्या खालच्या काटकोनी धारेवर वाऱ्याला एकदम वळावे लागत होते. आणि पडद्यांच्या फटींतून बरीचशी हवा फिनांना न शिवताच खाली उतरून खालचा दाब वाढवीत होती. पुढचे भोक मोठे केल्यावर या चोरवाटांनी जाणारी हवाच वाढली. रोग तिथे होता.

फटी शोधण्याची त्यांची युक्ती मला फार आवडली. रात्री शेडमधले दिवे मालवायचे, झाकण बसवायचे, खालच्या पोकळीत एक बल्ब लावायचा आणि पुढच्या भोकातून वर डोकवायचे. जिथून उजेड दिसेल तिथून हवा गळते. मास्तरीणबाई म्हणाल्या, “It looked like a lantern.” मला आपला दिवाळीतला आकाशकंदील आठवला. प्रत्येक फट त्यांनी सिलिकॉनने बुजविली. पोलादी भिंतीच्या धारेवर गोल वळणाचा पत्रा बसविला, मागची फट थोडी रुंद केली. पुढची मोठी केलेली भोके पुन्हा लहान केली! काटा चढणीवर दोनशे पाचच्या आसपास स्थिरावला, आणि विमानाचा वेगही थोडा वाढला. वेग का वाढावा? कारण आत घेतलेली हवा नीट बाहेर सोडली नाही तर ती विमानाला मागे ओढते. एफ. डब्ल्यू. मेरेडिथ या ब्रिटिश संशोधकाने १९३५ साली याच्याही पुढचे दाखवून दिले होते. तापलेली हवा योग्य आकाराच्या वाटेने वेगात मागे सोडली तर ती थोडा पुढे रेटाही देते. दुसऱ्या महायुद्धातल्या मस्टँग विमानाच्या पोटाखालचा रेडिएटर याच विचाराने घडविला होता.

इथवर सारे गमतीचे वाटले असेल. आता त्या फितीविषयी.

नवे विमान सुरुवातीला ठरावीक तास, साधारणतः २५ किंवा ४०, एकट्यानेच उडवून तपासावे लागते. ते पूर्ण झाल्यावर मास्तरीणबाई सोबत जाऊ लागल्या. उन्हाळा छान गेला. हिवाळ्यात मात्र प्रत्येक फेरीनंतर त्यांचे डोके दुखू लागले. मास्तरांना वाटले, उंची मानवत नसेल. डॉक्टरांना वाटले, वय. बाई मात्र रोज टिपण ठेवणाऱ्या. त्यांनी वही उघडून नवऱ्याला दाखविले की, डोके दुखते ते फक्त हीटर लावलेल्या दिवशी.

या विमानांतला हीटर म्हणजे एक्झॉस्टच्या नळीभोवती बसविलेले पत्र्याचे कवच. नळी आणि कवच यांच्यामधून जाणारी हवा तापते आणि ती बसायच्या जागेत सोडतात. मास्तरांनी कवच उतरविले. फीत जिथे संपत होती तिथल्या सांध्याशी नळीला बोटाच्या पेराएवढी चीर पडली होती.

हे का घडले, ते समजून घेण्यासारखे आहे. उघडी नळी वाऱ्याला उष्णता देऊन स्वतःला सांभाळते. गुंडाळलेल्या नळीला ती सोय राहत नाही, धातू अधिक तापतो. आणि तापलेले पोलाद वाढते. एक मीटर लांबीची स्टेनलेस नळी एवढ्या उष्णतेत एक सेंटीमीटरहून अधिक लांब होते. म्हणून एक्झॉस्टमध्ये एकमेकांत सरकणारे सांधे ठेवतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नळीचा भार इंजिनावरच टांगायचा असतो, विमानाच्या सांगाड्यावर नव्हे. इंजिन रबरी आधारांवर थरथरत असते, सांगाडा स्थिर असतो. दोघांना बांधलेली नळी मधल्यामध्ये तुटते. मास्तरांनी एक टेकू पोलादी भिंतीला बांधला होता. चूक त्यांचीच, आणि त्यांनी ती मला लपवाछपवी न करता दाखविली. फितीमुळे वरून पाहताना काही दिसतही नव्हते.

चिरेतून आत येत होता तो कार्बन मोनॉक्साईड. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट धरतो. आधी डोके दुखते, मग विचार मंदावतो. वैमानिकाचा विचारच मंदावला तर संकट ओळखायचे कोणी? विमानात सूचना देणारे ठिपक्याचे कार्ड होते, पण ते केव्हाच मुदत संपून निकामी झाले होते.

मी परतलो, लेख लिहिला, विषय मागे पडला. दीड वर्षाने, २१ जानेवारी २०१९ रोजी, अर्जेंटिनाचा फुटबॉलपटू एमिलियानो साला फ्रान्समधल्या नांतहून कार्डिफला जात असताना त्याचे एका इंजिनाचे छोटे विमान इंग्लिश खाडीत कोसळले. ते घरगुती विमान नव्हते, कारखान्यात बनलेले पायपर मालिबू होते. ब्रिटनच्या अपघात अन्वेषण विभागाला सालाच्या रक्तात कार्बन मोनॉक्साईडने व्यापलेल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण ५८ टक्के आढळले. तो विषारी वायू एक्झॉस्टमधून आला असण्याचीच शक्यता अधिक, असे २०२० च्या अहवालात नमूद आहे. ती बातमी आमच्या कचेरीत क्रीडा विभागाकडे गेली. मी मात्र मास्तरीणबाईंची वही आठवत बसलो होतो.

त्याच संध्याकाळी मास्तरांना पत्र पाठविले. त्यांचे उत्तर चार ओळींचे आले. फीत सगळी काढून टाकली आहे. तिच्या जागी नळी आणि झाकण यांच्यामध्ये मोकळी फट सोडून पत्र्याची ढाल लावली आहे. टेकू आता इंजिनावर आहे. दर पंचवीस तासांनी हीटरचे कवच उतरवून, आरसा आणि विजेरी घेऊन नळी पाहतो. कार्डाऐवजी आवाज करणारे विजेवरचे यंत्र बसविले आहे, आणि त्याच्यावरचा आकडा प्रत्येक फेरीत दोनदा, चढताना व उतरताना, वहीत उतरवून घेण्याचे काम सौभाग्यवतींनी स्वतःकडे घेतले आहे. खाली त्यांच्या हस्ताक्षरात त्या आठवड्याचे आकडे होते. शून्य, शून्य, शून्य, दोन, शून्य. दोनच्या पुढे कंसात लिहिले होते की, धावपट्टीवर दुसऱ्या विमानाच्या मागे थांबलो होतो.