मुलाचें पहिलें वाद्य



घरांतील लहान मुलानें एखादें वाद्य मागितलें, कीं आपण वडील मंडळी बहुधा एकच विचार करतों. “आज मागतो आहे, उद्यां टाकून देईल, तेव्हां प्रथम स्वस्तांतलें घ्यावें. गोडी दिसली तर पुढें चांगलें पाहूं.” हा विचार वरवर पाहतां मोठा शहाणपणाचा दिसतो. मीही एके काळीं असाच वागलों. त्यांत माझें काय चुकलें, हें समजण्यास मला जवळजवळ तीस वर्षें लागलीं. ती हकीकत आणि तिच्यांतून शिकलेल्या चार गोष्टी आज आपल्यापुढें मांडावयाच्या आहेत.

सन १९९६ मधील गोष्ट. मी तेव्हां सातारा जिल्ह्यांतील एका प्राथमिक शाळेंत शिक्षक होतों. माझी धाकटी मुलगी सात वर्षांची होती. कोणाच्या तरी लग्नांत तिनें गिटार पाहिली आणि तसलीच आपल्याला हवी, असा हट्ट धरला. माझ्या पगारांत बसेल अशी, दुकानांतील सर्वांत स्वस्त गिटार मीं आणली. वाढत्या अंगाचें परकर-पोलकें शिवावें, त्या हिशेबानें ती पूर्ण मापाची घेतली. तारा पोलादी होत्या. मुलगी दीड महिना नेटानें बसली. तिच्या बोटांच्या टोकांस फोड आले. मी पेटीवर सूर धरीं आणि तिच्या गिटारींतून भलताच सूर निघे. ती म्हणे, “अण्णा, हें गोड लागत नाहीं.” मी म्हणें, “सराव कर.” एके दिवशीं संध्याकाळीं मी कंटाळून म्हणालों, “पोरी, तुला सुराचा कानच नाहीं.”

तिनें उत्तर दिलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं गिटार कपाटावर गेली ती गेलीच. पुढें शाळेच्या प्रार्थनेंतही ती मुलगी नुसते ओठ हालवी. आवाज काढीत नसे.

आतां ती सांगलीस सासरीं असते. गेल्या वर्षीं तिच्या सात वर्षांच्या मुलानें गिटार मागितली. मीं साताऱ्याहून ती जुनी गिटार बरोबर नेली. तारा बदलल्या कीं नातवास चालेल, असें मनांत होतें. म्हणजे पुन्हां तीच काटकसर! मुलगी म्हणाली, “अण्णा, निदान कोणा जाणत्याला दाखवून घेऊं.” म्हणून आम्ही तिघें मिरजेस गेलों.

सांगलीपासून मिरज अवघ्या दहा-बारा किलोमीटरांवर आहे. तेथील सतारी आणि तंबोरे देशभर जातात, हें आपण जाणतांच. १९ व्या शतकाच्या मध्यावर शस्त्रांचें काम करणाऱ्या शिकलगार घराण्यांतील फरीदसाहेबांनीं या धंद्याचा पाया घातला. पंढरपूर-मंगळवेढें भागांतून आलेले भोपळे येथें सुकवून, कापून, रंगवून बोलके केले जातात. सन २०२४ मध्यें मिरजेच्या सतारीस आणि तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही मिळालें. अशा गांवांत गिटार दाखवावयास नेणें थोडें चमत्कारिकच. परंतु तार आणि लांकूड ज्याला कळतें, त्याला गिटारही कळते.

एका वृद्ध कारागिरानें आमची गिटार हातांत घेतली. सुटी तार छेडली. मग मधोमधचा, म्हणजे बारावा पडदा दाबून तीच तार पुन्हां छेडली, आणि मान हालविली. त्यानें एक दोरा घेतला. दांडीच्या डोक्याकडील ज्या पट्टीवरून तारा निघतात, तेथपासून बाराव्या पडद्यापर्यंतचें अंतर दोऱ्यावर घेतलें. तोच दोरा बाराव्या पडद्यापासून घोडीपर्यंत धरला. दोन्ही अंतरें जवळजवळ सारखीं यावयास हवीं होतीं. फरक निघाला पाऊण सेंटीमीटराचा!

“गुरुजी,” तो म्हणाला, “सतारीचा पडदा दोऱ्यानें बांधलेला असतो. सूर चुकला तर सरकवून घेतां येतो. हिचे पडदे दांडींत ठोकलेले, घोडीही चिकटविलेली. मूळ माप चुकलें तें चुकलेंच. हिच्यांत सूर नव्हताच. मुलानें तो आणावा कोठून?”

मुलगी हळूच म्हणाली, “म्हणजे माझा कान बरोबर होता, अण्णा.”

मला उत्तर सुचलें नाहीं. मुलांच्या परीक्षा घेण्यांत माझें आयुष्य गेलें. परंतु येथें मीं वाद्याची परीक्षा न घेतां मुलीची घेतली होती, आणि तिला नापास करून मोकळा झालों होतों.

श्रोतेहो, स्वस्त वाद्य घेण्यांत कांहीं गैर नाहीं. नक्षी, चकाकी, उंची लांकूड यांवांचून मुलाचें कांहीं अडत नाहीं. साध्या प्लायवूडची गिटारही पहिल्या दोन-तीन वर्षांस पुरते. मात्र चार गोष्टींत तडजोड करूं नये.

पहिली गोष्ट मापाची. आजच्या गिटारीचें माप स्पेनमधील अंतोनियो दे तोरेस या कारागिरानें १९ व्या शतकांत रूढ केलें. तिची बोलती तार सुमारें ६५ सेंटीमीटर असते. हें माप मोठ्या माणसाचें. मुलांसाठीं पाव, अर्धी आणि पाऊण अशा गिटारी मिळतात. हीं नांवें शब्दशः घेऊं नयेत. अर्ध्या गिटारीची तारही बहुधा ५३ सेंटीमीटरांच्या आसपास असते. साधारणपणें पांच-सहा वर्षांच्या मुलास पाव, सहा ते आठ वर्षांच्या मुलास अर्धी आणि त्यापुढें अकरा वर्षांपर्यंत पाऊण माप योग्य. तथापि वयापेक्षां हात पाहावा. मुलाला बसवून गिटार मांडीवर द्यावी. डावा हात पहिल्या पडद्यापर्यंत सहज पोहोंचला पाहिजे आणि उजवा खांदा वर उचलला जातां कामा नये. म्हणून मुलाला दुकानांत बरोबर न्यावें.

दुसरी गोष्ट तारांची. पोलादी तार कोंवळ्या बोटांना काचते. नायलॉनची तार मऊ असून तिचा ताणही कमी असतो. मात्र नायलॉनच्या तारांसाठीं बनविलेल्या गिटारीवर पोलादी तारा कधींही चढवूं नयेत. त्यांच्या ओढीनें घोडी उपटून येते.

तिसरी गोष्ट तारेच्या उंचीची. बाराव्या पडद्यावर तार तीन ते चार मिलिमीटरांहून अधिक उंच नसावी. तार फार उंच असली, तर मुलाला ती दाबतांना कष्ट पडतात आणि दाबतांना ती ताणली जाऊन सूरही चढतो. हा दोष जाणता कारागीर घोडीवरील पट्टी घांसून थोडक्या पैशांत दूर करूं शकतो.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट सुराची. प्रत्येक तार सुटी छेडावी, मग बारावा पडदा दाबून छेडावी. दुसरा सूर पहिल्याच्या बरोबर वरच्या सप्तकांतला यावा. ऐकूनही खात्री न झाल्यास दोरा खिशांत ठेवावा! घोडीकडील अंतर एक-दोन मिलिमीटर अधिक असलें तर चालतें. तेवढें मुद्दाम ठेवलेलें असतें. खुंट्याही पाहाव्यात. नव्या नायलॉनच्या तारा आरंभीं कांहीं दिवस उतरतात, तो दोष नव्हे. पण खुंटी आपण होऊन सैल पडत असेल तर तें वाद्य परत करावें.

कोणी विचारील, सतारीच्या गांवाशेजारीं राहून मुलाला गिटार कशाला? तर आपल्या घरोघरची पेटी तरी युरोपांतूनच आली. सन १९६७ मध्यें ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेंत ब्रिजभूषण काब्रा यांनीं शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्या जोडीनें गिटारीवर राग वाजविले. मुलाचें मन ज्या वाद्यावर बसलें, तेथून आरंभ होऊं द्यावा.

आम्ही नातवासाठीं सांगलींतून अर्ध्या मापाची, नायलॉनच्या तारांची गिटार घेतली. ती चार हजार रुपयांच्या आंत मिळाली. मिरजेच्या त्याच कारागिरानें तिच्या तारा खालीं आणून दिल्या. नातू रोज पंधरा मिनिटें बसतो. त्याहून अधिक आम्ही बसवीत नाहीं. पुढें तो वाजवीत राहील कीं क्रिकेटकडे वळेल, हें मी सांगूं शकत नाहीं. सोडलेंच, तर आवड संपली म्हणून सोडील. आपल्यांत कांहीं उणें आहे अशा समजुतीनें सोडणार नाहीं.

तो वाजवितो तेव्हां माझी मुलगी जवळ बसते. सूर जुळविण्याचें लहानसें यंत्र आम्ही आणलें आहे, पण तार जरा उतरली, कीं त्या यंत्राकडे पाहण्यापूर्वींच ती मुलाला म्हणते, “थांब, ती खुंटी थोडी पीळ.” आणि तिचें म्हणणें दर वेळीं बरोबर निघतें.