साथ सरल्यावर येणारा ताप

ज्ञातिसंमेलनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारच्या बैठकीत झालेले भाषण



कार्यकारी मंडळाने आम्हांस ‘बालकांचे आरोग्य’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. भोजनानंतरची ही वेळ श्रोत्यांच्या आणि वक्त्याच्याही कसोटीची असते. म्हणून एवढा विस्तीर्ण विषय न घेता आम्ही त्यातील एकाच व्याधीविषयी बोलणार आहोत. ही व्याधी फार थोड्या मुलांस होते. परंतु ज्या घरात होते, त्या घराने डॉक्टरांस दिलेल्या एका उत्तरावर पुष्कळ काही अवलंबून असते.

कोरोनाच्या साथीचे स्मरण आता कोणासच नकोसे झाले आहे. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत आपल्या ज्ञातीवर काय ओढवले, हे त्या सालांच्या स्मरणिकांतील श्रद्धांजलीची पाने सांगतील. त्या दुःखातही एक समाधान घरोघरी बोलून दाखविले जाई, की निदान लेकरे तरी वाचली. ते बहुतांशी खरेही होते. मुलांस एक-दोन दिवस कणकण येई, किंवा तेवढेही होत नसे. परंतु एप्रिल २०२० च्या अखेरीस इंग्लंडातील बालरोगतज्ज्ञांस सावधगिरीची सूचना देण्यात आली. धडधाकट मुले तीव्र ताप, पोटदुखी, अंगावर पुरळ आणि खालावलेला रक्तदाब घेऊन अतिदक्षता विभागात येत होती. लंडनच्या डॉक्टरांनी अशा आठ मुलांची हकीकत ७ मे रोजी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. आठही मुले त्यापूर्वी निरोगी होती. त्यांपैकी एक दगावले. इटलीतील बेर्गामो येथे कावासाकी नावाच्या बालरोगासारखी लक्षणे असलेली १९ मुले मागील पाच वर्षांत मिळून आली होती. तेथेच २०२० च्या फेब्रुवारी ते एप्रिल या दोन महिन्यांत १० आली. १५ मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेने या विकाराची प्राथमिक व्याख्या ठरविली. त्याचे लांबलचक इंग्रजी नाव ‘मल्टिसिस्टिम इन्फ्लमेटरी सिंड्रोम इन चिल्ड्रन’ असे असून डॉक्टर त्यास ‘एम.आय.एस.-सी.’ म्हणतात. आम्ही येथे ‘मुलांचा सर्वांगदाह’ म्हणू. त्याच वर्षी मुंबई, पुणे, चेन्नई येथील रुग्णालयांतही अशी मुले दाखल झाली.

कावासाकी हे नाव आले आहे, तर एक गोष्ट सांगणे अस्थानी होणार नाही. टोकियो येथील रेडक्रॉसच्या रुग्णालयातील डॉ. तोमिसाकू कावासाकी यांनी जानेवारी १९६१ मध्ये चार वर्षांचा एक मुलगा पाहिला. ताप, लाल डोळे, लाल ओठ, पुरळ ही त्याची लक्षणे कोणत्याच ज्ञात रोगात बसेनात. त्यांनी घाई केली नाही. अशी ५० मुले नोंदवून १९६७ मध्ये त्यांनी निबंध प्रसिद्ध केला. ५ जून २०२० रोजी, वयाच्या ९५ व्या वर्षी, ते निवर्तले. त्या वेळी जगभरचे बालरोगतज्ज्ञ त्यांच्याच रोगाच्या या नव्या भावंडाचा विचार करीत होते.

ही दोन्ही भावंडे एकरूप मात्र नाहीत. कावासाकीचा आजार बहुधा पाच वर्षांखालील मुलांस होतो. सर्वांगदाह मुख्यतः शाळकरी, आठ-नऊ वर्षांच्या आसपासच्या मुलांस झाला. त्यात पोट आणि हृदय यांवर अधिक आघात होतो. कोरोनाचा विषाणू शरीरातून हटल्यावर, साधारण दोन ते सहा आठवड्यांनी, शरीराचे रक्षक सैन्य शस्त्रे खाली ठेवण्याऐवजी स्वकीयांवरच तुटून पडते. ताप उतरत नाही, डोळे लाल होतात, पण त्यांतून पू येत नाही, उलट्या-जुलाब होतात, पोट इतके दुखते की अपेंडिक्सची शंका यावी. हृदयाचे आकुंचन मंदावले की हातपाय गार पडतात आणि मूल निस्तेज होते.

भगिनींनो, हे ऐकून घाबरून जाऊ नये. अमेरिकेत साथीच्या पहिल्या वर्षी केलेल्या गणनेत संसर्ग झालेल्या सुमारे तीन हजार मुलांमागे एकास हा विकार झाल्याचे दिसले. नंतरच्या काळात, लसीकरण झाले आणि विषाणूचे रूप पालटले, तसे हे प्रमाण पुष्कळच घटले. आज तर तो क्वचितच दिसतो. मग आज त्याविषयी का बोलावे? क्वचित दिसतो म्हणूनच तो नजरेतून निसटण्याचा संभव अधिक असतो.

त्यातून आपल्या प्रदेशात पावसाळा लागला की डेंग्यू, टायफॉइड, स्क्रब टायफस यांचे ताप सुरू होतात. यांतील प्रत्येक विकार सर्वांगदाहाशी कोठे ना कोठे मिळताजुळता असतो, आणि उपचार मात्र अगदी निराळे. नाकातील नमुना तपासावा, तर तोवर विषाणू बहुधा गेलेला असतो. रक्तातील प्रतिपिंडे तपासण्याची युक्ती २०२० मध्ये फार उपयोगी पडली; पण २०२१ च्या जून-जुलैत झालेल्या राष्ट्रीय पाहणीतच सहा वर्षांवरील निम्म्याहून अधिक मुलांत ती आढळली, आणि आता तर ती बहुतेक सर्वांतच असतात. म्हणजे ही तपासणी आज फारसे काही सांगत नाही. हृदयाची सोनोग्राफी आणि दाह दाखविणाऱ्या रक्ताच्या तपासण्या आहेतच. तथापि त्या करण्याचे मनात येण्यापूर्वी डॉक्टर पालकांस एक प्रश्न विचारतात: “गेल्या महिना-दीड महिन्यात घरात, शेजारी किंवा शाळेत कोणास सर्दी-ताप, खोकला होऊन गेला का?”

या प्रश्नास आम्हांस मिळालेली उत्तरे आम्ही विसरलो नाही. २०२० च्या पावसाळ्यानंतर आमच्याकडे एक सात वर्षांची मुलगी आली. पाच दिवस ताप होता, दोन ठिकाणी प्रतिजैविके देऊन झाली होती. आईवडिलांनी प्रश्नास ठाम नकार दिला. “आमच्या घरात कोणालाच काही झाले नाही, डॉक्टर.” संध्याकाळी मुलीची आजी पडद्याआड येऊन हळूच म्हणाली, “मुलीच्या काकाला झालं होतं हो. पण धाकट्या नणंदेचं लग्न ठरत आलंय, म्हणून कोणी बोलत नाही.” त्या वाक्यानंतर अर्ध्या तासात हृदयाची तपासणी झाली आणि रात्री औषध सुरू झाले. मुलगी बरी होऊन घरी गेली. लग्नही यथासांग पार पडले, हे आम्ही मुद्दाम सांगतो.

आपल्या समाजात दुखणे लपविण्याची चाल जुनी आहे. क्षय लपविला जातो, अपस्मार लपविला जातो, कोड लपविले जाते. स्थळे मोडतील, भाऊबंद बोलतील, हे भय असते. कोरोनाच्या दिवसांत दारावर कागद चिकटे, सोसायटीतील लोक दूध घेऊन येणाऱ्यासही अडवीत. तेव्हा घरांनी तोंड बंद ठेवले, यात केवळ त्यांचाच दोष होता असे आम्ही म्हणणार नाही. दोष बोट दाखविणाऱ्यांचाही होता, आणि ते आपल्यातलेच होते. पण लपविण्याची किंमत मोठ्यांनी मोजली नाही, मुलाने मोजली.

उपचाराविषयी थोडे सांगतो. मुख्य औषध इम्युनोग्लोब्युलिन. ते वजनाच्या प्रत्येक किलोस २ ग्रॅम या प्रमाणात शिरेतून, सावकाश, कित्येक तास चालू ठेवतात. बरोबर स्टेरॉइड देतात. २० किलोच्या मुलास ४० ग्रॅम लागते, म्हणजे ५ ग्रॅमच्या आठ बाटल्या. एका बाटलीस काही हजार रुपये पडतात. गुणाकार श्रोत्यांनी करावा. हे औषध कारखान्यात रसायनांपासून होत नाही. हजारो दात्यांच्या रक्तातील द्रव एकत्र करून त्यातून ते काढतात. त्या दात्यांची ज्ञाती कोणती, हे बाटलीवर लिहिलेले नसते.

वेळीच उपचार झाले तर बहुतेक मुलांचे हृदय काही आठवड्यांत वा महिन्यांत पूर्ववत होते. अमेरिकेत नोंदविलेल्या नऊ हजारांवर रुग्णांत मृत्यूचे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी राहिले. मात्र घरी आल्यावर पुढच्या तपासण्या चुकवू नयेत, आणि डॉक्टर सांगेपर्यंत मुलास धावण्याच्या शर्यतीत उतरवू नये. रुग्णालयात या मुलांस अल्प प्रमाणात अ‍ॅस्पिरिन देतात. त्यावरून बोध घेऊन कोणी घरी तापावर अ‍ॅस्पिरिन देऊ लागेल, तर ते घातक होईल. डेंग्यूत त्याने रक्तस्राव वाढतो. तीन दिवसांत न उतरणारा ताप, त्याबरोबर पुरळ, लाल डोळे, पोटदुखी वा उलट्या, एवढे दिसले की घरगुती उपाय थांबवून बालरोगतज्ज्ञाकडे जावे. आणि मूल मलूल, गार पडलेले असेल, तर रात्र असली तरी निघावे. जाताना घरातील मागील दोन महिन्यांची दुखणी तारखांसह कागदावर लिहून न्यावी. नणंदेचे लग्न ठरत असले, तरीही.

आपल्या विद्यार्थी-साहाय्य निधीतून फी आणि पुस्तके यांस मदत दिली जाते. त्याच निधीचा काही भाग अशा आणीबाणीच्या औषधांसाठी राखून ठेवावा, आणि अर्जदार कुटुंबाचे नाव व आजार वार्षिक अहवालात छापू नये, अशी आमची सूचना आहे. तसा ठराव उद्याच्या सर्वसाधारण सभेत मांडण्यास अध्यक्षमहाराजांनी अनुज्ञा द्यावी, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.