वाट विचारणें आणि वाट सांगणें

(महोत्सवानिमित्त जमलेल्या मंडळीपुढें केलेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं वक्त्यानें एखादा थोर विषय घ्यावा, अशी रीत आहे. मीं मात्र फार लहान विषय घेतला आहे. वाट कशी विचारावी आणि विचारणाऱ्यास ती कशी सांगावी, एवढेंच मला आज बोलावयाचें आहे. आज जे पाहुणे येथें आले आहेत, त्यांतील कित्येकांनीं आसनगांव स्टेशनावर उतरल्यापासून या आवारांत पाऊल ठेवीपर्यंत दोनतीन ठिकाणीं तरी वाट विचारली असेल. ती त्यांना कोणी नीट सांगितली, म्हणूनच ते आपल्यामध्यें बसले आहेत. तेव्हां विषय लहान असला तरी त्याचे उपकार लहान नाहींत.

आपला हा मुलूखच वाटांचा. मुरबाड तालुक्यांतून चढणारा नाणेघाट पाहा. दोन हजार वर्षांपूर्वीं, सातवाहनांच्या काळीं, कल्याण बंदराचा माल त्या घाटानें जुन्नरास जात असे. तेथील लेण्यांत राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपींतील लेख आजहि पाहावयास मिळतो. पुढें 1865 सालीं कसाऱ्याहून इगतपुरीपर्यंत आगगाडी थळघाट चढून गेली. 2025 च्या जून महिन्यांत समृद्धि महामार्गाचा शेवटचा टप्पा आपल्या शहापूर तालुक्यांतून खुला झाला. मोठ्या वाटा अशा एकामागून एक झाल्या. परंतु मोठी वाट मनुष्यास फाट्यापर्यंतच आणून सोडते. फाट्यापासून पाड्यापर्यंत जावयाचें, तर तेथें सांगणारा मनुष्यच लागतो.

आपल्या शेणव्याचेंच घ्या. शहापुराहून आलेल्यास येथून एक वाट डोळखांबकडे नेते, तर दुसरी किन्हवलीवरून सरळगांवाकडे. सरळगांवास पोंचल्यावर मात्र, गांवाचें नांव सरळ असलें तरी, सरळ जाऊन चालत नाहीं. मुरबाडास जाणाऱ्यानें उजवीकडे वळावें लागतें आणि माळशेजकडे जाणाऱ्यानें डावीकडे. नुसत्या नांवावर भरंवसा ठेवून चालणारा तेथेंच फसतो.

प्रथम विचारणाऱ्याविषयीं बोलतों. वाट विचारण्यास थोडी नम्रता लागते. मोटारीची कांच अर्धी खालीं करून 'ए, अमुक गांव कुठं रे?' असें ओरडणाऱ्यास उत्तर मिळतें. पण वाट मिळतेच असें नाहीं. आपले वडील समोरच्याचें वय पाहून मामा, बाबा, दादा, मावशी, आजी अशी हाक मारीत, क्षणभर थांबत आणि मग विचारीत. नातें आधीं, वाट मागून, असा त्यांचा क्रम होता.

दुसरें असें कीं, 'दादा, डोळखांबची वाट हीच ना?' असें कधीं विचारूं नये. आपला मनुष्य भिडस्त आहे. परक्याचें मन मोडूं नये म्हणून तो 'हो, हो' म्हणतो आणि आपल्या कामास लागतो. 'डोळखांबास कोणती वाट जाते?' असें विचारावें, म्हणजे सांगणाऱ्यास विचार करावा लागतो व हात उचलून दिशा दाखवावी लागते. तिसरें, ठाकूरपाडा, कातकरवाडी हीं नांवें आपल्याकडे गांवोगांव आहेत. म्हणून पाड्याच्या नांवाबरोबर गांवाचें नांव व ज्याच्याकडे जावयाचें त्याचेंहि नांव सांगावें. आणि ऐकलेली वाट निघण्यापूर्वीं एकदां मोठ्यानें म्हणून दाखवावी. चूक व्हावयाची ती तेथेंच ध्यानांत येते.

आतां सांगणाऱ्याविषयीं. त्याची जबाबदारी अधिक, कारण विचारणारा त्याच्या शब्दावर आपले पाय टाकणार असतो. आपण समोरासमोर उभें राहून 'उजवीकडे' म्हणतों. पण माझी उजवी ती त्या वेळीं तुमची डावी असते. म्हणून जुनीं माणसें वाट सांगतांना ओटीवरून खालीं उतरत, वाटसरूच्या शेजारीं येत, त्याचें तोंड जिकडे तिकडेच आपलेंहि तोंड करीत, आणि मग हात लांब करीत. या एका कृतींत सर्व विद्या आली. दुसऱ्याच्या जागीं उभें राहिल्यावांचून त्याला वाट सांगतां येत नाहीं.

उजव्याडाव्याचा घोंटाळा टाळण्यास आपल्या बोलींत दुसरे शब्दहि आहेत. उगवत आणि मावळत कोणाच्याहि पाठ फिरवण्यानें बदलत नाहींत. येथून आजोबाचा डोंगर उगवतीस, माहुलीचे सुळके मावळतीच्या अंगास. तेव्हां 'आजोबा समोर ठेवून चाला' म्हटलें कीं परका मनुष्यहि चुकत नाहीं. घाटाकडचें तें वर, बंदराकडचें तें खालीं. नदीच्या अलीकडचें तें आल्याड, पलीकडचें तें पल्याड. शब्द साधे आहेत, पण त्यांमागें भातसा, काळू आणि शाई यांच्या खोऱ्यांतून पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या पायांचें ज्ञान आहे.

अंतर सांगतांना मात्र आपण फार उदार होतों. 'हें काय, हाकेवर आहे' असें जो म्हणतो, तो लांकडाची मोळी डोक्यावर घेऊन रोज चालणारा असतो. विचारणारी असते शहरांतून आलेली शिक्षिका. म्हणून 'तुमच्या पायांनीं घटकाभर लागेल' असें सांगावें. खूण सांगावी ती कायमची: वड, विहीर, शाळा, क्रूस. वाट चुकल्याची खूणहि सांगावी, 'ओढा लागला तर समजा, पुढें आलांत, मागें फिरा.' आणि ठाऊक नसल्यास 'ठाऊक नाहीं' असें सरळ म्हणावें. त्यांत कमीपणा नाहीं. वाट दाखविणें आणि वाट लावणें यांत पुष्कळदां एकाच खोट्या शब्दाचें अंतर असतें.

हें मी दुसऱ्यास शिकवावयास उभा आहें. पण माझ्या हातून घडलेलें सांगितल्यावांचून मला तसा अधिकार पोंचत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं आषाढांतल्या एका संध्याकाळीं मी ओटीवर बसलों होतों. खांद्यावर पिशवी घेतलेली एक तरुण परिचारिका आली. एका पाड्यावर एक बाई अडली होती, तिच्याकडे तिला जावयाचें होतें. मी बसल्या जागेवरून हात केला आणि म्हणालों, "ओढा ओलांडलात कीं डाव्या हाताला पाडा. जवळच आहे." ती गेली. तासाभरानें ती परत आली, ती कमरेपर्यंत भिजून. ओढ्यास पाणी चढलें होतें. मीं सांगितलेली वाट खोटी नव्हती. पण ती वैशाखांतली होती.

मी कांहीं बोलणार, तोंच वाटेनें जाणारे एक ठाकर म्हातारे थांबले. त्यांनीं चौकशी केली व एवढेंच म्हणाले, "ताई, चला. वरल्या अंगानं बांधावरून वाट हाय. मीच येतो." आणि हातांत बॅटरी घेऊन ते पुढें झाले. ती पोंचण्यापूर्वींच मूल जन्मलें होतें. देवाच्या दयेनें माय व लेंकरूं दोघेंहि वांचलीं. परंतु तो एक तास माझ्या हिशेबांत आहे. मी बसून सांगितलें. ते चालत गेले. त्या दिवसापासून मी बसल्या जागेवरून कोणाला वाट सांगत नाहीं.

कोणी म्हणेल, आतां खिशांतला फोन वाट सांगतो, मग हें सर्व कशाला? फोनचा उपयोग मी नाकारीत नाहीं. परंतु डोंगराच्या कुशींत शिरलें कीं त्याची रेंज जाते, आणि ओढ्यास आज पाणी किती, हें तर त्याला रेंज असतांनाहि कळत नाहीं.

वाट सांगतां सांगतां स्वतः वाटाड्या झाल्याचें एक मोठें उदाहरण आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासांत आहे. 1521 सालीं मॅगेलनचीं जहाजें फिलिपाईन्सच्या बेटांत पोंचलीं. 31 मार्च रोजीं, पुनरुत्थानाच्या सणीं, लिमासावा नांवाच्या लहान बेटावर मिस्सा झाली. जहाजांवरील लोकांस धान्य मिळेल असें बंदर हवें होतें. मलय भाषा जाणणाऱ्या एन्रिके नांवाच्या दासाच्या मुखानें त्यांनीं तेथील राजास विचारलें. राजानें सेबू बेटाचें नांव सांगितलें, आणि मी स्वतः वाट दाखवावयास येतों, असें म्हटलें. मात्र दोन दिवस थांबा, माझें भात कापून व्हावयाचें आहे. तुमचीं माणसें मदतीस द्या, असेंहि तो म्हणाला. मॅगेलननें माणसें दिलीं. पिगाफेत्ता नांवाच्या इटालियन प्रवाशानें हें लिहून ठेविलें आहे. भातकापणीचे दिवस काय असतात, हें शहापूर-मुरबाडच्या शेतकऱ्यास सांगावयास नको. त्याच राजाच्या मागोमाग तीं जहाजें सेबूस पोंचलीं, आणि 14 एप्रिल रोजीं तेथील राजाचा बाप्तिस्मा झाला. पुढें मॅगेलन शेजारच्या माक्तान बेटावर शस्त्राच्या बळानें शिरूं गेला, आणि 27 एप्रिल रोजीं मारला गेला. नम्रपणें विचारलेली वाट त्याला सेबूस घेऊन गेली. बळानें काढूं पाहिलेली वाट तेथेंच संपली.

सेबूची भाषा आज कोट्यवधि लोक बोलतात. त्या भाषेंत 'कोठें' यास आसा, उजवीकडे यास तुओ, डावीकडे यास वाला म्हणतात. गंमत अशी कीं, वाला हाच शब्द थोड्या निराळ्या उच्चारानें 'नाहीं' या अर्थींहि येतो. तेव्हां परक्यानें तेथें नुसत्या कानांवर न विसंबतां सांगणाऱ्याच्या हाताकडेहि पाहावें हें बरें. भाषा निराळी, पण हात लांब करून शेजारीं उभें राहणारा मनुष्य सर्वत्र एकच.

शुभवर्तमानांतहि वाट विचारणारे पुष्कळ आहेत. ज्यांना आपण तीन राजे म्हणतों, त्यांनीं यरुशलेमांत येऊन विचारलें. शास्त्री लोकांनीं त्यांना बेथलेहेम अचूक सांगितलें. पण सांगणाऱ्यांपैकीं एकहि जण उठून गेला नाहीं. वाट ठाऊक असणें निराळें आणि त्या वाटेनें जाणें निराळें. उलट फिलिप्पास पाहा. शास्त्र वाचीत जाणाऱ्या इथिओपियाच्या अधिकाऱ्यास वाटाड्या हवा होता, तेव्हां तो रथांत चढून त्याच्या शेजारीं बसला. संत थोमानें तर प्रभूलाच स्पष्ट विचारलें कीं, आपण कोठें जातां तें आम्हांस ठाऊक नाहीं, मग वाट कशी कळावी? प्रभूनें त्याला रागें भरलें नाहीं. त्यानें खुणा सांगितल्या नाहींत, अंतर सांगितलें नाहीं. त्यानें स्वतःलाच वाट म्हणून दिलें. आरंभींच्या ख्रिस्ती लोकांस 'त्या मार्गाचे लोक' असें म्हणत.

बंधुभगिनींनो, या गांवांत आपण संख्येनें थोडे आहोंत. आपण कोण, हें पुष्कळांस आपल्या उपासनेवरून कळणार नाहीं. पण फाट्यावर थांबलेल्या परक्यास आपण वाट कशी सांगतों, यावरून तें कळेल. आपल्या मुलांस आसपासच्या पाड्यांचीं, ओढ्यांचीं, डोंगरांचीं नांवें शिकवा. कोणीं विचारलें तर उठून उभें राहण्यास शिकवा. रात्र असली, पाऊस असला, तर चार पावलें बरोबर जाण्यास शिकवा. महोत्सवाचीं तोरणें उद्यां उतरतील; तीं चार पावलें मागें राहतील.

जो आपल्याबरोबर एम्माऊसच्या वाटेवर चालला, तो प्रभु आपणां सर्वांस वाट विचारण्याची नम्रता आणि वाट दाखविण्याची दया देवो. आमेन.