पाणंद मोकळी, सायकल निर्धास्त



कराडहून विट्याकडे जाणाऱ्या मार्गावर कडेगाव वसले आहे. गुहागर–विजापूर राष्ट्रीय महामार्गाचा हा एक भाग होय. या मार्गाने तालुक्याला बाजारपेठ जवळ आणली, रुग्णाला दवाखाना जवळ आणला, यात शंका नाही. परंतु साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की उसाने भरलेले ट्रॅक्टर, मालमोटारी, एस. टी. गाड्या आणि दुचाकी यांच्या गर्दीत बाजूपट्टी धरून जाणाऱ्या शाळकरी सायकलस्वाराचे काय होते, हा प्रश्न प्रत्येक पालकाच्या मनात असतो. रस्ता जितका चांगला, तितका वाहनांचा वेग अधिक. आणि वेग जितका अधिक, तितका सायकलला वाव कमी.

या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा गावाच्या मागच्या अंगाला, दोन बांधांच्या मध्ये पडून असते. त्याचे नाव पाणंद. बैलगाडीची, गुराढोरांची, वाडीवस्तीवरून गावात येणाऱ्या माणसांची ही जुनी वाट. तिच्यावर मालमोटार येत नाही, कर्णा वाजत नाही. मुरूम टाकून ती नीट दाबली, तर सायकलला याहून निर्धास्त रस्ता मिळणे कठीण.

फ्रान्समधील अनुभव

ज्या खडीच्या, मातीच्या वाटा आपल्याकडे मागासपणाचे लक्षण मानल्या जातात, त्याच वाटांवरून सायकल चालविण्यासाठी युरोपात लोक मुद्दाम दूरवर जातात. जाड धावांच्या या सायकलींना ‘ग्रॅव्हल बाइक’ असे नाव पडले आहे. फ्रान्सच्या ग्रामीण भागात अशा वाटांचे मोठे जाळे आहे. 1681 मध्ये पूर्ण झालेल्या ‘कॅनाल द्यू मिदी’ या सुमारे 240 किलोमीटर लांबीच्या कालव्याच्या काठाने पूर्वी नावा ओढणारी घोडी चालत; आज तेथून पादचारी व सायकलस्वार जातात. बर्गंडी प्रांतात झिव्री ते क्लूनी हा बंद पडलेला लोहमार्ग 1997 मध्ये ‘हरित मार्ग’ म्हणून खुला झाला. पुढे 2004 मध्ये अशा मार्गांना तेथील वाहतूक नियमांत स्थान मिळाले. हे मार्ग पादचारी, घोडेस्वार आणि इंजिनाविना चालणारी वाहने यांच्यासाठी राखलेले असतात.

तथापि फ्रान्सकडून घ्यावयाचा खरा धडा पर्यटनाचा नाही. तेथील ‘कम्यून’ ही आपल्या ग्रामपंचायतीसारखी स्थानिक स्वराज्य संस्था. गावशिवारातील वाटा तिच्या मालकीच्या असतात. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर जमिनींचे मोठ्या प्रमाणावर एकत्रीकरण झाले, त्यात अनेक वाटा शेतांत मिसळून गेल्या. शिवाय अशा वाटेवर कोणी तीस वर्षे अखंड कब्जा ठेवला, तर त्याला मालकी सांगता येई. म्हणून 2022 मध्ये कायद्यात सुधारणा झाली. गावच्या परिषदेने ठराव करून वाटांची नोंदमोजणी हाती घेतली, की त्या काळापुरती ही मुदत थांबते. प्रथम मोजणी, मग संरक्षण, असा हा क्रम आहे. प्रगत देशालाही आपल्या पाणंदी हरवत चालल्याचे उशिरा उमगले, एवढाच याचा अर्थ.

पाणी आले, बांध सरकला

कडेगाव तालुका हा मूळचा कमी पावसाचा. येरळेचे पात्र वर्षातील बराच काळ कोरडे राही. ताकारी व टेंभू उपसा सिंचन योजनांनी कृष्णेचे पाणी उचलून या माळरानाला दिले. सोनहिरा खोऱ्यात ऊस उभा राहिला. जमिनीच्या गुंठ्यागुंठ्याला मोल आले आणि त्याबरोबर पाणंदीच्या रुंदीवर संकटही आले. जिरायत शिवारात वाटेने चार पावले इकडेतिकडे वळण घेतले, तर कोणाचे बिघडत नसे. बागायतीत मात्र दोन्ही बाजूंचा बांध नांगराच्या एकेका तासाने आत सरकतो. गाडीवाट पाऊलवाट होते आणि पाऊलवाट एके दिवशी सरीत नाहीशी होते.

याचा पहिला फटका खुद्द शेतकऱ्यालाच बसतो. तोडणी झालेला ऊस बाहेर काढण्यास रस्ता उरत नाही, आणि ज्याने वाट अडविली त्याचा माल पुढच्या शेजाऱ्याच्या बांधावर अडतो. दुसरा फटका वस्तीवरच्या मुलांना, त्यातही मुलींना बसतो. शाळा दोन-तीन कोसांवर असेल आणि जाण्यास महामार्ग हाच मार्ग उरला असेल, तर मुलीला सायकल देण्यास पालकांचे मन धजत नाही.

सायकलीने मुलींच्या शिक्षणात काय फरक पडतो, हे बिहारमध्ये दिसून आले. तेथे 2006 मध्ये माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींना सायकली देण्याची योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन व निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांच्या 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, या योजनेमुळे मुलींच्या माध्यमिक शाळेतील नोंदणीत 32 टक्के वाढ झाली आणि मुलगे-मुलींमधील तफावत 40 टक्क्यांनी घटली. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमांतर्गत निवडक तालुक्यांतील गरजू विद्यार्थिनींना सायकली देण्यात आल्या. परंतु सायकल हे अर्धेच साधन आहे; उरलेले अर्धे म्हणजे तिच्यासाठी सुरक्षित वाट.

या मातीतील वारसा

सायकल आणि खडीचा रस्ता या दोन्हींशी या परिसराचे जुने नाते आहे. 1888 मध्ये बेळगावात सायकलच्या दुकानाने उद्योगाचा आरंभ करणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर 1910 मध्ये शेजारच्या पलूस परिसरातील माळावर आले आणि तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. 1972 च्या दुष्काळात हजारो हातांनी खडी फोडली, मुरूम वाहिला आणि गावोगावचे कच्चे रस्ते तयार केले. त्या कामामागील रोजगार हमीची कल्पना सांगली जिल्ह्यातीलच वि. स. पागे यांची, तिला 1977 च्या अधिनियमाने कायद्याचे रूप मिळाले. आजचा सायकलस्वार ज्याला आनंदाचा मार्ग म्हणतो, तो दुष्काळातील श्रमिकांच्या घामाने दाबलेला आहे, याचे स्मरण ठेवणे उचित ठरेल.

पंचायतीने काय करावे

पहिले काम नकाशा उघडण्याचे. गाव नकाशात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने, तर पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखविलेला असतो. गाडीमार्गाची रुंदी सर्वसाधारणपणे साडेसोळा ते एकवीस फूट व पायमार्गाची सव्वाआठ फूट धरली जाते. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, आणि ग्रामपंचायत अधिकारी यांनी शिवारफेरी काढून नकाशावरील प्रत्येक वाट प्रत्यक्षात कोठे आहे, किती उरली आहे, याची यादी करावी व ती ग्रामसभेत वाचावी. शिक्षकांनी विद्यार्थी कोणत्या वस्तीवरून कोणत्या वाटेने येतात याचा साधा तक्ता त्या यादीस जोडावा. कोणती पाणंद आधी मोकळी करावयाची, हे मग वादाशिवाय ठरते.

दुसरे काम सामोपचाराचे. तो न झाल्यास कायदा आहेच. वहिवाटीच्या वाटेत कोणी अडथळा केला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 नुसार तहसीलदारांकडे दाद मागता येते. मात्र ती अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत मागावी लागते. बांधावरून नवा रस्ता हवा असल्यास महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 चे कलम 143 लागू पडते. सहा महिन्यांची ही मुदत माहीत नसल्याने अनेक प्रकरणे दुबळी होतात. म्हणून ती ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहून ठेवणे इष्ट.

तिसरे काम बांधणीचे. काळ्या जमिनीत वाटेचा शत्रू वाहन नसून पाणी आहे. मध्यभाग किंचित उंच, दोन्ही कडांना चर, ओढ्याच्या जागी नळमोरी आणि वर दाबलेला मुरूम, एवढे झाले तर पाणंद पावसाळा सोसते. नोव्हेंबर 2021 मध्ये सुरू झालेल्या ‘मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते’ योजनेने अशा कामांना रोजगार हमीच्या निधीची जोड दिली. कालव्यालगतच्या निरीक्षण पथांचा उपयोग करावयाचा असेल, तर जलसंपदा विभागाची अनुमती घ्यावी. सागरेश्वर अभयारण्याच्या हद्दीत वनविभागाचे नियम पाळावेत.

एक सावधगिरीही सांगणे आवश्यक आहे. पाणंद ही प्रथम शेतकऱ्याची आहे. बैलगाडीला व ट्रॅक्टरला वाट देणे हे सायकलस्वाराचे कर्तव्य. बाहेरून हौसेने येणाऱ्यांचे स्वागत अवश्य व्हावे, कारण त्यांच्यामुळे चहाचे दुकान चालेल, देवराष्ट्रे येथील यशवंतराव चव्हाणांचे जन्मस्थान नव्या पिढीला दिसेल. परंतु केवळ त्यांच्यासाठी पाणंद करणे आणि वस्तीवरच्या मुलीला महामार्गावर ठेवणे हे विकासाचे लक्षण नव्हे.

कडेगावचे मोहरम गगनचुंबी ताबुतांसाठी प्रसिद्ध आहे. हिंदू व मुस्लिम खांद्याला खांदा लावून ते ताबूत वाहून नेतात, आणि ताबुतांच्या भेटी होतात. एवढे उंच ताबूत सुखरूप जावेत म्हणून मार्ग मोकळा ठेवण्याचे काम तेथे कोणा एकाचे राहत नाही, ते सर्वांचे होते. सार्वजनिक वाटेविषयीची हीच भावना वर्षातील उरलेल्या दिवसांत पाणंदीच्या वाट्यास यावी. दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांनी आपापला बांध चार हात मागे घेतला, तर ऊस वेळेवर कारखान्याला जाईल आणि त्याच वाटेने मुलगी वेळेवर शाळेत पोहोचेल.