निरोप सर्वांपर्यंत पोहोंचावा
(महोत्सवाच्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



आजच्या आनंदाच्या प्रसंगीं मीं एक व्यवहाराचा विषय निवडला आहे. धर्मग्रामांतील निरोप कोणत्या साधनानें पाठवावेत, हा तो विषय होय. पूर्वीं घंटा वाजे, आणि ती शिकलेल्यास व न शिकलेल्यास सारखीच ऐकूं येई. आज आपल्यांत संगणकाच्या कचेरींत काम करणारे तरुण आहेत, वाडींत राबणारे वडील आहेत, आणि फोन केवळ कानास लावण्यापुरताच जाणणाऱ्या आजीबाईही आहेत.

गेल्या पावसाळ्यांत एका दफनविधीची वेळ ऐन वेळीं अलीकडे आणावी लागली. मीं व्हॉट्सॲपवर निरोप टाकिला आणि काम झालें असें मानिलें. मृत बाईंची बाळपणची मैत्रीण पलीकडच्या आळींत राहते. तिच्यापाशीं साधा फोन. ती आली तेव्हां कबर बुजविली गेली होती. तिनें मला शब्दानेंही दोष दिला नाहीं. परंतु दोष माझाच होता.

ही अडचण जाणत्या लोकांसही आली आहे. फायरफॉक्स तयार करणाऱ्या मोझिला संस्थेचे कार्यकर्ते पुष्कळ वर्षें आयआरसी या 1988 सालीं निघालेल्या साधनावर संभाषण करीत. तज्ज्ञांस तें अंगवळणीं पडलें होतें. नवख्यांस मात्र अवघड जाई, आणि उपद्रवी माणसांस आवरणेंही कठीण होई. सबब 2019 सालीं संस्थेनें चार साधनें प्रत्यक्ष वापरून पाहिलीं, लोकांचीं मतें घेतलीं, व मॅट्रिक्स हें साधन पसंत केलें. 2020 सालीं जुनें बंद झालें. तज्ज्ञांची सवय हेंच माप धरिलें असतें, तर हा बदल झालाच नसता.

आतां आपल्याकडे पाहूं. व्हॉट्सॲप बहुतेकांपाशीं आहे, हा त्याचा मोठा गुण. परंतु गटांतील भगिनीचा फोन क्रमांक अनोळखी सभासदासही दिसूं शकतो, आणि शुभेच्छांच्या गर्दींत महत्त्वाची सूचना बुडून जाते. टेलिग्रामवर हजारों लोकांचा गट होतो. मात्र तेथील साध्या गटांतील मजकूर व्हॉट्सॲपप्रमाणें दोन्हीं टोकांपर्यंत कुलूपबंद नसतो. ईमेल कोणत्याही एका कंपनीच्या मालकीची नाहीं. हिशेब व सभेचें इतिवृत्त जपण्यास ती उत्तम, तांतडीच्या निरोपास निरुपयोगी.

यास्तव माझी सूचना अशी: सूचनांचा गट निराळा असावा व त्यांत केवळ चालकांनींच लिहावें, चर्चेचा गट वेगळा ठेवावा. कोणाचें आजारपण, कर्ज वा घरचें भांडण कोणत्याही गटांत येऊं नये. तें समक्षच बोलावें. प्रत्येक आळींत एका माणसानें, ज्यांच्यापाशीं साधाच फोन आहे त्यांची यादी ठेवून, तांतडीचा निरोप त्यांस तोंडीं कळवावा. नवें साधन घेण्यापूर्वीं तें एखाद्या आजीबाईंच्या हातीं द्यावें. त्यांस तें उघडून वाचतां आलें नाहीं, तर केवळ त्यावर विसंबूं नये.

तरुणांनो, शिकवितांना हंसूं नका. वडीलधाऱ्यांनो, विचारण्यास लाजूं नका. निरोप पाठविला म्हणजे पोहोंचला असें नव्हे, हें त्या बाईंनीं मला कांहीं न बोलतां शिकविलें. इतकें सांगून मी आपली रजा घेतों.