सात सीट, सहा माणसं



घरात आजी-आजोबा, नवरा-बायको आणि शाळेत जाणारी दोन मुलं. गावी जायचं म्हटलं की अर्धी मंडळी एसटीनं, अर्धी मोटारसायकलवर, नाहीतर भाड्याची गाडी. अशा घरात कधी ना कधी विषय निघतोच, की आपलीच एक मोठी गाडी घेऊ या. नवी झेपत नाही. हाताशी चार-साडेचार लाख, त्यातलेही काही पतसंस्थेचे. एवढ्यात ऐसपैस जुनी गाडी कशी निवडायची, याबद्दल आज बोलू.

गाडीचं नाव नंतर काढा, आधी घरात बसून ठरवा की शेवटच्या रांगेत कोण बसणार. विकणारा ‘सेव्हन सीटर’ म्हणतो आणि सीट मोजल्या तर सात भरतातही. पण स्वस्तातल्या बहुतेक सात सीटरची तिसरी रांग म्हणजे लोकलमधली चौथी सीट. दादर ते ठाणे ठीक आहे, कर्जतपर्यंत जाऊन बघा. त्यातून ती रांग उभी केली की सामानाची पंचाईत. 2012 साली आलेल्या पहिल्या पिढीच्या मारुती अर्टिगात सातही सीट वापरात असल्या तर मागे 135 लिटर जागा उरते. 2019 मध्ये आलेल्या रेनो ट्रायबरमध्ये उरते 84 लिटर, म्हणजे मुलांची दप्तरं आणि वर एखादी पिशवी. तांदळाचं पोतं आणि आंब्याची पेटी कुठे ठेवायची?

आपल्या हिशेबातलं घर मात्र सहा जणांचं आहे. पुढे दोघं, मधे तिघं, म्हणजे मागे एकच पोरगं बसणार. 2015 साली सुधारून आलेल्या अर्टिगाची मागची सीट अर्धी अर्धी दुमडते. एका बाजूला धाकटा बसवा, दुसरी बाजू पाडून सामान ठेवा. ट्रायबरची तिसरी रांग तर उचलून घरी ठेवता येते आणि मग मागे 625 लिटरची जागा होते. वर्षातले बहुतेक दिवस चौघंच फिरत असाल, तर ही सोय फार कामाची.

गाडी बघायला आजीला बरोबर न्या. हे मी अगदी मनापासून सांगतो. घरच्या तरुणांचं लक्ष अलॉय व्हीलकडे आणि म्युझिक सिस्टिमकडे असतं. आजी दार उघडून बसते, गुडघा कुठे अडतो ते सांगते आणि दोन मिनिटांत निकाल लागतो. इनोव्हात ऐटीत बसता येतं, पण चढताना पाय उचलावा लागतो. अर्टिगाची सीट बऱ्याच ज्येष्ठांना बरोबर कमरेच्या उंचीला येते. मधल्या रांगेत बसून एसीही लावून बघा. अर्टिगाच्या अगदी खालच्या व्हेरिएंटला छतातला ब्लोअर नसतो आणि मे महिन्यात मागच्यांचे हाल होतात.

आता नावं घेऊ. सगळ्यांच्या तोंडी इनोव्हा असते. ती टिकते, यात वाद नाही, पण ते सगळ्यांनाच ठाऊक असल्यामुळे तिचा भाव उतरत नाही. आपल्या बजेटमध्ये येते ती फार जुनी तरी असते, नाहीतर टॅक्सीत घासून निघालेली. मारुती इको स्वस्त आहे, सरकती दारं सोयीची आहेत. पण सात सीटच्या इकोत बहुतेक एसी नसतो, जुन्या इकोला पॉवर स्टीअरिंग नाही, आणि 2016 साली ग्लोबल एनकॅपच्या टक्कर चाचणीत तिला शून्य तारे मिळाले होते. दुकानाच्या मालासाठी घ्या, नातवंडांसाठी मी घेणार नाही. याच संस्थेच्या चाचणीत ट्रायबरला 2021 मध्ये मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी चार तारे मिळाले. मात्र तिचं इंजिन एक लिटरचं, तीन सिलिंडरचं. सहा माणसं आणि सामान घेऊन आंबा घाट चढायचा तर घाई सोडून द्या.

शेव्हरोले एन्जॉयसारख्या गाड्या बघून मोह होतो. जागा भरपूर, किंमत निम्मी. कंपनीनं 2017 च्या अखेरीस भारतातली विक्री बंद केली. डिझेल एन्जॉयचं इंजिन 1.3 मल्टिजेट, म्हणजे मूळ फियाटचं, जे स्विफ्टपासून अर्टिगापर्यंत कितीतरी गाड्यांत होतं. त्यामुळे इंजिनाचं काम अडत नाही. हेडलाइट फुटला किंवा बंपर तुटला की मात्र जुना बाजार धुंडाळावा लागतो. हाताशी भरवशाचा मेकॅनिक असेल तरच या वाटेला जा.

माझं मत विचाराल तर अशा घरानं पहिल्या पिढीची पेट्रोल अर्टिगा शोधावी, एकाच मालकाची. डिझेलचं ॲव्हरेज चांगलं, पण रोजचं रनिंग मोठं नसेल तर टर्बो आणि इंजेक्टरच्या एका दुरुस्तीत वाचलेले पैसे निघून जातात. सीएनजी किट असेल तर ते आरसीवर नोंदलेलं आहे का ते बघा. सिलिंडरची तपासणी दर तीन वर्षांनी करायची असते. आणि तो सिलिंडर मागची जागा खातो, तेव्हा आपण मुळात गाडी कशासाठी घेत होतो ते आठवा. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, म्हणून जुन्या गाडीचे रबरी पाइपही तपासून घ्या.

गाडी दिवसाउजेडी बघा आणि ‘आधी चालू करून ठेवू नका’ असं मालकाला सांगा. थंड इंजिन सुरू होताना जो आवाज आणि धूर येतो, तो खरा. दाराचं रबरी बीडिंग हातानं थोडं ओढा. आत पत्र्यावर कंपनीच्या वेल्डिंगचे गोल ठिपके सारख्या अंतरावर दिसले पाहिजेत. तिथे लांबी भरलेली दिसली तर गाडी कुठेतरी जोरात ठोकलेली आहे. मीटर चाळीस हजार दाखवतोय आणि ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, तर रबरावर विश्वास ठेवा. मधल्या रांगेतली डावी सीट बाकीच्यांपेक्षा जास्त बसलेली असेल, तर गाडी एखाद्या कंपनीच्या कर्मचाऱ्यांची ने-आण करत होती का ते विचारा.

आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. कोल्हापूर, सांगली, चिपळूणचे पूर आपण पाहिले आहेत. बुडालेली गाडी धुऊन, पॉलिश करून पुन्हा बाजारात येते. सीटचं कव्हर बदलतात, कार्पेट बदलतात, पण गुंडाळलेल्या पट्ट्याच्या आतल्या टोकाला मातकट रेघ तशीच राहते. सीटखालच्या लोखंडी पट्ट्या आणि स्टेपनीचा खड्डाही बघा. टायरवरच्या शेवटच्या चार आकड्यांवरून वय कळतं. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. पाचही टायर म्हातारे असतील तर तो खर्च भावातून वजा करून घ्या.

एअरबॅग आहेत का, हे गृहीत धरू नका. नव्या गाड्यांना चालकाची एअरबॅग सक्तीची झाली ती 1 जुलै 2019 पासून. त्याआधीच्या खालच्या व्हेरिएंटमध्ये ती नसू शकते.

कागदपत्रांत आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते आधी बघा. असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 हातात आल्याशिवाय टोकनही देऊ नका. थकलेली चलानं गाडीच्या नंबरावरून ऑनलाइन दिसतात. दिल्लीची पासिंग असलेली गाडी स्वस्त वाटते. पण तिकडची एनओसी आणि इथला एकरकमी कर धरला की तो स्वस्तपणा विरघळतो. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. 2012 ची गाडी घेतलीत तर 2027 मध्ये फिटनेस तपासणी, पर्यावरण कर आणि पाच वर्षांसाठी फेरनोंदणी आलीच.

म्हणून साडेचार लाखांतले चारच गाडीला द्या. उरलेल्यात टायर, बॅटरी, क्लच, सस्पेन्शनचे बुश आणि नावावर करण्याचा खर्च बसवा. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घेऊन ते एजंटाच्या ड्रॉवरमध्ये पडून राहू देऊ नका. विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी 14 दिवसांत अर्ज करायचा असतो. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याकडेच राहतो, त्यामुळे तुमचा हप्ता त्याच्यापेक्षा जास्त येईल. भाव करतानाच तो फरक धरून बोला.